शून्याखालचा प्लॅन

सभापती श्रद्धांजलीसाठी उभे राहिले, सभागृह माना खाली घालून गप्प झालं, आणि नेमकं तेव्हाच टीव्हीच्या पडद्याच्या तळाशी अक्षरं उमटली : "पंखा वाढवा हो जरा, आणि ती बिस्किटं सरकवा इकडे."

बोलणं मघाचं होतं, अक्षरं आत्ता पोचली होती. गावभर हसं झालं. हसली नाही ती फक्त टिकटिक.

टिकटिक हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण दिवसभर तिच्या खोलीतून कीबोर्डचा तोच एक आवाज येई, म्हणून जिन्यातल्या सगळ्यांनी तिला ते चिकटवलं होतं आणि आता नवराही तेच म्हणे. नगरसभेच्या बैठका टीव्हीवर दाखवत आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी खाली अक्षरं फिरत. ती अक्षरं टिकटिक घरी बसून काढायची. सभागृहातला आवाज इंटरनेटवरून हेडफोनमध्ये यायचा, बोटांतून ओळ उतरायची, एंटर दाबलं की ओळ पडद्यावर. कान आणि बोटं यांच्यामध्ये डोकं येऊ द्यायचं नाही, हे या कामाचं पहिलं शिक्षण. विचार करत बसलं की पुढचं वाक्य निसटतं.

त्या अक्षरांची सगळ्यात निष्ठावान वाचक घरातच होती. सासूबाईंचे कान जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत बसून त्या सगळ्या बैठका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत. कोण सत्तेत, कोण विरोधात, याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं. "माझ्या सुनेचं अक्षर आहे ते," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, जणू टिकटिक आत बसून पडद्यावर शाईनेच लिहीत होती.

बिस्किटांच्या प्रकरणानंतर मॅनेजरबाईंचा फोन आला.

"टिकटिक, तुझ्या बोटांना तोड नाही गं. पण तुझी इंटरनेटची तार म्हणजे निव्वळ गोगलगाय. आणखी एकदा असं झालं, तर मला दुसरं कुणी बघावं लागेल. वाईट वाटून घेऊ नकोस."

वाईट वाटायला सवड कुणाला होती? नवऱ्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आता नावालाच उरलं होतं. घर टिकटिकच्या दहा बोटांवर उभं होतं.

मग इंटरनेटचा शोध सुरू झाला, आणि अख्खी इमारत एका रात्रीत तज्ज्ञ झाली. घरात होती ती टेलिफोनची जुनी तांब्याची तार, ती बाद. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "गच्चीवर तबकडी लाव. थेट आकाशातून!" पण ओळ आकाशात जाऊन परत खाली येईपर्यंत सभापती घरी जाऊन जेवून झोपले असते. खालच्या व्यायामशाळेच्या मास्तरांकडे टीव्हीच्या केबलवरून येणारं होतं. दिवसा ते घोड्यासारखं धावायचं, संध्याकाळी सगळी इमारत एकदम त्यावर बसली की धापा टाकायचं. नवऱ्याने हौसेने टॉवरचा सिग्नल पकडणारी डबी आणली आणि खिडकीत ठेवली. कपाटाचं दार उघडलं की सभापती अडखळायचे.

"आता कपडे बदलायलासुद्धा नगरसभेची परवानगी घ्यायची का?" नवरा म्हणाला.

राहिली फायबर, म्हणजे काचेच्या केसाएवढ्या तारेतून उजेड धावतो ती. तिच्या कंपनीची मुलगी फोनवर वेगाचे मोठमोठे आकडे सांगत सुटली. "मॅडम, पापणी लवेपर्यंत अख्खा सिनेमा उतरतो!"

"बाई गं, मला सिनेमा उतरवायचा नाहीये. मला एक ओळ चढवायचीय. ती किती वेळात चढते, तेवढं सांग."

ते त्या मुलीच्या कागदावर नव्हतं. म्हणाली, माणूस पाठवते.

माणूस आला तो भरदुपारी. किडकिडीत, खांद्याला पिशवी, सदऱ्यावर कुठल्याच कंपनीचं नाव नाही. जिना लाकडी, पाऊल पडलं की कुरकुरणारा, अशी त्या घराची ख्याती. पण हा दारात उभा राहीपर्यंत एक पायरी वाजली नाही.

"कसलं हवंय?" त्याने विचारलं.

"सगळ्यात वेगवान."

"सगळे हेच म्हणतात. वेग म्हणजे नळ किती मोठा. तुम्हाला नळ मोठा नकोय. तुम्हाला चावी फिरवली की थेंब लगेच पडायला हवा. म्हणजे वेग हवा नव्हे, उशीर नको, असं म्हणा."

टिकटिकला माणूस पटला. "अगदी बरोबर. उशीर शून्य करून द्या."

"शून्यही मिळेल." तो जरा थांबला. "शून्याच्या खालचाही एक आहे. पण तो मी सहसा बसवत नाही."

"खाली म्हणजे?" नवऱ्याने दात काढले. "चहा पिण्याआधीच पोटात?"

माणूस हसला नाही. "तार पुढचं आणते. थोडंसंच पुढचं. पण कधीमधी तिला लहर आली, तर लांबचंही ओढून आणते. त्यावर माझा इलाज नाही."

शहाणी बाई इथे दार लावून घेती. पण टिकटिकच्या कानात गोगलगाय सरपटत होती. "तोच बसवा," ती म्हणाली.

त्याने भिंतीला भोक पाडलं, काचेचा धागा आत ओढला, कोपऱ्यात एक छोटी पेटी बसवली. तिच्यावर हिरवा दिवा लागला. जाताना दारात वळून म्हणाला, "नको झालं तर तार उपसून टाका. पण आधी ऐकलेलं परत जाणार नाही."

पहिल्याच बैठकीला कमाल झाली. ओठ हलायला आणि अक्षर उमटायला एकच गाठ पडली. दुसऱ्या आठवड्यात अक्षरं ओठांच्या किंचित पुढे गेली. सभापतींनी तोंड उघडावं, तोवर खाली उत्तर हजर. मॅनेजरबाई फोनवर किंचाळल्याच. "अगं, काय जादू केलीस? लोक म्हणतात, सभापतींपेक्षा तुझंच भाषण आधी होतं!"

सासूबाईंना मात्र ते रुचलं नाही. "सूनबाई, माणसं तुझं वाचून बोलतात की काय? मघाशी त्या टकल्याने आधी खाली पाहिलं आणि मग तोंड उघडलं."

"काहीतरीच काय, आई!" टिकटिकने हातानेच उडवून लावलं.

मग तो भिंतीचा दिवस आला. बैठक चालू असताना सासूबाईंच्या हातून पेला पडला, म्हणून टिकटिक हेडफोन गळ्यात टाकून धावली. परतताना कानाच्या कडेने तिने ऐकलं : "बाजारामागची भिंत सुटली आहे, रस्ता आजच बंद करा." ओळ टाइप करायची राहून गेली. तिने पडद्याकडे पाहिलं. नगरसभेचे इंजिनीअर उभे होते. त्यांनी तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं. आवाज आला नाही. आपण कशासाठी उठलो होतो हे विसरलेल्या माणसासारखे ते खाली बसले.

दुसऱ्या दिवशी भिंत पडली. आडोशाला हातगाडी लावणारा एकजण वाचला. त्याचा पाय वाचला नाही.

टिकटिकने जेवण टाकलं. नवरा समजूत घालायला लागला, तशी म्हणाली, "मी लिहिलं नाही, म्हणून तो इंजिनीअर बोलला नाही. पण भिंत थांबली का? भिंत पडायची ती पडलीच. फक्त कुणाला कळलं नाही."

"तार काढून टाक मग."

"आणि खायचं काय? तुमची मशीनची तेलं?"

टिकटिकने त्या दिवशी मनाशी गाठ मारली : कानात आलेली एकही ओळ सोडायची नाही. कुणाची का असेना.

ही गाठ पक्की बसली होती, तेव्हाची गोष्ट. दुपारची बैठक. रस्त्यावरच्या दिव्यांचा रटाळ विषय. सभापती बोलता बोलता थांबले आणि हेडफोनमध्ये वेगळाच आवाज आला. जवळचा, धापा टाकणारा, नाक चोंदलेला.

"अगं, बघ ना. आई उठत नाहीये."

बोटं शिकवल्याप्रमाणे चालली. एंटर दाबलं गेलं. मग डोक्याला कळलं की तो आवाज नवऱ्याचा होता.

बाहेरच्या खोलीतून सासूबाईंची हाक आली. "कुणाची गं ही आई? इथे आलंय बघ. बिचारी!"

टिकटिकने हेडफोन भिरकावला, कोपऱ्यातली तार मुळासकट उपसली. हिरवा दिवा विझला. ती धावत बाहेर आली. सासूबाई खुर्चीत, मांडीवर लोकर, डोळे टीव्हीवर. अगदी धडधाकट.

टिकटिकने खाणाखुणा करून सांगितलं, सभेतल्या कुणाचीतरी आई. मग मोबाइल काढून डॉक्टरांना बोलावलं. ते दोन घरं सोडूनच राहत, लगेच आले. नाडी बघितली, छाती ऐकली. "तुमच्या आधी मी जाईन," सासूबाईंच्या कानाशी ओरडून ते हसत निघून गेले.

तरी टिकटिकचा जीव भांड्यात पडेना. ती खुर्चीच्या हातावर टेकून बसली, सासूबाईंचा हात हातात घेतला. आणि तिला सुचलं. वाक्य नवऱ्याने बोलायचं आहे. नवरा घरी आलाच नाही, तर ते बोलणार कोण? तिने दुकानात फोन लावला.

"अहो, आज घरी येऊ नका. तुमच्या बहिणीकडे जा. तिकडेच राहा."

"का गं? तुझा आवाज असा का येतोय? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. एकदम बरी आहे. तुम्ही फक्त येऊ नका!"

पलीकडे शटर खाली ओढल्याचा खणखणाट झाला. मग नुसती धावणारी पावलं. मग फोन बंद.

"झोप आली गं," सासूबाई म्हणाल्या.

"झोपू नका, आई. बोला माझ्याशी. लोकर कुणासाठी आणलीत?" पण ते त्यांना ऐकू जाणार नव्हतं, आणि पडद्यावर लिहून सांगायला तार उरली नव्हती. टिकटिकने त्यांचा हात हलवला, खांदा हलवला. सासूबाईंनी मायेने तिच्या हातावर थोपटलं, मान तिच्या खांद्यावर टेकवली आणि डोळे मिटले.

टीव्हीवर सभापतींचे ओठ हलत होते. खाली एक अक्षर नव्हतं.

टिकटिकने तळहात त्यांच्या नाकाशी धरला. वाटलं, ऊब आहे. मग वाटलं, आपल्याच हाताची असेल. तिने बघायचं सोडून दिलं, घट्ट धरून बसली. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता.

जिना करकरला. एकेक पायरी. दार धाडकन उघडलं आणि नवरा आत आला, धापा टाकत, सर्दीने लाल नाक. त्याने तिच्याकडे पाहिलं. खुर्चीजवळ गुडघ्यांवर बसला, आईचा गाल दोन्ही हातांत धरला, हलवला. पुन्हा हलवला.

मग त्याचं तोंड उघडलं. उघडंच राहिलं.

टिकटिकने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिची बोटं खुर्चीच्या लाकडी हातावर आपोआप चालायला लागली होती, टिक टिक टिक, एकही अक्षर न चुकता. शेवटी करंगळी एंटरच्या जागी टेकली, आणि त्याचा आवाज फुटला.