चौथा स्क्रू

तीन स्क्रू निघाले आणि चौथा अडून बसला. पहिलाच अडला असता तर प्रज्योतने नाद तरी सोडला असता. पण तीन निघाल्यावर माणसाला माघारही घेता येत नाही.

अंगणात तो घामाने निथळत उकिडवा बसला होता. समोर त्याची मोटरसायकल, आणि मागच्या सीटच्या मागे ते लोखंडी कॅरियर. रोज पहाटे त्याच्यावर आईच्या मासळीच्या दोन पाट्या बांधायच्या, फेरीबोटीत गाडी चढवून खाडी ओलांडायची, आईला बोरीवलीच्या बाजारात तिच्या ओट्यावर सोडायचं आणि तिथूनच गोरेगावचं ऑफिस गाठायचं. संध्याकाळी रिकाम्या पाट्यांसकट तिला परत आणायचं. चार वर्षं हे चाललं होतं. आज शनिवारची सुट्टी होती, फक्त सकाळची फेरी झाली होती, आणि पाच वाजायच्या आत ते कॅरियर त्याला गाडीवरून उतरवायचं होतं.

पाच वाजता गंधालीच्या घरी चहा होता. गंधाली त्याच्या ऑफिसातली. लग्नाचं दोघांचं ठरलेलं, आता तिच्या आईवडिलांना मुलगा बघायचा होता. मुलाचे वडील रिटायर्ड आहेत एवढंच त्याने गंधालीला घरी सांगायला लावलं होतं. आईबद्दल चकार शब्द नाही. कारण गंधालीची आई, पद्मजाताई, दर रविवारी त्याच बाजारात यायच्या आणि नेमक्या त्याच्या आईच्या, सगुणाच्या ओट्यासमोर उभ्या राहायच्या. सुरमई आजची की कालची, यावरून दोघींची अशी जुंपायची की अख्खा बाजार कान टवकारायचा.

"सांगून टाक ना रे, खाणार आहेत का तुला?" गंधाली म्हणायची. पण त्या दोघी एका सोफ्यावर बसल्यात असं नुसतं मनात आलं, तरी प्रज्योत विषय बदलायचा. आईलाही त्याने आजच्या चहाचं काही सांगितलं नव्हतं.

अडीच वाजले. चारची फेरीबोट गाठायलाच हवी होती. त्याने पुन्हा स्क्रू ड्रायव्हर लावला. बर्फाचं खारं पाणी चार वर्षं ठिबकून स्क्रू गंजला होता, आणि त्यात प्रज्योतसाहेबांनी घाईघाईत एक नंबर लहान स्क्रू ड्रायव्हर वापरून त्याची खाच पार घासून टाकली होती. आता टोक नुसतं गरगर फिरत होतं. मोबाइलवर एका माणसाने खाचेत रबरबँड ठेवून दाबायला सांगितलं होतं. प्रज्योतने दाबलं, रबरबँडचा चुरा झाला. गंजावरचं तेल मारलं, पाच मिनिटं थांबायचं ते दीड मिनिट थांबला. मग पक्कड लावली. ती सटकली आणि बोटांची सालटी निघाली.

"आयला याच्या!" त्याने पक्कड आपटली आणि त्यावर हातोडी.

त्या आवाजाने भिकाजी बाहेर आले. प्रज्योतचे बाबा. चाळीस वर्षं होडी चालवली, मग गुडघ्यांनी साथ सोडली. हे कॅरियर त्यांनीच बसवलं होतं. खड्ड्यांत सैल होऊ नये म्हणून होडीचे स्क्रू वापरले होते.

"काय करतंस?"

"काढतोय. थोड्या वेळासाठी."

"आन राती पाट्या कशावर आनशील?"

याचा विचारच त्याने केला नव्हता. "रिक्षाने आणीन," तो म्हणाला. "बोरीवलीला जायचंय. एका मुलीकडे. तिच्या घरचे बोलावतायत."

भिकाजींनी गाडीकडे पाहिलं, दारात हँगरला लावलेल्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं, आणि ते आत वळले. प्रज्योतला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी आतून छिन्नी आणि मेणबत्ती आणली. छोटं स्टूल ओढून ते गुडघे धरत खाली बसले. मेणबत्तीची ज्योत त्यांनी स्क्रूला बराच वेळ दिली. प्रज्योत शेजारी उभा राहून चुळबुळत होता, दर मिनिटाला मोबाइल बघत होता.

"बाबा, तीन वाजले."

"वाजू दे. घाईनंच तर याची वाट लावलीस." छिन्नीचं टोक स्क्रूच्या कडेला तिरपं लावून त्यांनी हळूच एक ठोका दिला, तोही उलट बाजूने.

"अहो, तो आवळला जाईल!"

"आधी जरा आवलायचा. गंज तुटतो. मंग सोडवायचा."

खरोखरच बारीक कट् आवाज झाला. मग ते दुसऱ्या बाजूने ठोके देत राहिले, एकावर एक, न चिडता. स्क्रू केसभर हलला, मग बोटभर, आणि शेवटी भिकाजींनी तो बोटांनीच फिरवून बाहेर घेतला. त्याचं डोकं पार चेचलेलं होतं.

"ह्यो परत नाय लागायचा. नवा आन." स्क्रू त्यांनी मुलाच्या हातावर ठेवला, आत गेले आणि अर्धं लिंबू घेऊन आले. सीटखाली जिथे पाटी टेकायची तिथे ते लिंबू घासू लागले.

"राहू द्या ना बाबा."

"वास ऱ्हाईल," भिकाजी म्हणाले आणि घासत राहिले.

चारची फेरी मिळाली. पाच वाजून पाच मिनिटांनी तो पद्मजाताईंच्या सोफ्यावर बसला होता. समोर चिवडा, वड्या, चहा. गंधालीचे वडील, नंदकुमार, भले गृहस्थ होते. मुलगा अवघडलाय हे त्यांनी ओळखलं आणि सहज विचारलं, "हाताला काय लागलं?"

"गाडीचा एक स्क्रू निघत नव्हता."

"कुठला?"

"कॅरियरचा."

"कॅरियर कशाला काढलं? किती उपयोगी असतं!"

खोटं बोलायला वेळ होता, जागाही होती. गंधाली खाली मान घालून चमचा फिरवत होती. प्रज्योतला गुडघे धरून लिंबू घासणारे बाबा दिसले आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"त्याच्यावर माझ्या आईच्या मासळीच्या पाट्या असतात," तो म्हणाला. "ती इथल्याच बाजारात बसते. सगुणा. तुम्हाला दिसू नये म्हणून काढलं."

पद्मजाताईंनी कप खाली ठेवला. "ती भांडखोर सगुणा?" त्यांच्या तोंडून निघूनच गेलं.

"हो."

"तिला माहीत आहे, तू इथे आलायस ते?"

"नाही."

"वा! म्हणजे ती बिचारी दहा मिनिटांवर बसलीय आणि मी तिच्या मुलाला तिच्यापासून चोरून चिवडा वाढतेय." त्या आता चांगल्याच तापल्या होत्या. "उद्या रविवार. तिच्यासमोर कुठल्या तोंडाने उभी राहू मी? जा, घेऊन ये तिला. चहा मी परत टाकते."

तो अक्षरशः पळत जिना उतरला.

बाजारात सगुणा ओटा धुऊन, रिकाम्या पाट्या एकात एक घालून बसली होती. आधी तिला गाडी दिसली, मग मुलगा.

"कॅरियर कुठं हाय? पडला?"

"काढला."

तिने त्याचा शर्ट पाहिला, सोललेली बोटं पाहिली. गाडीजवळ येऊन वास घेतला. "लिंबू कुनी घासला?"

"बाबांनी."

एवढ्या मोठ्या तोंडाची बाई ती. पदराने ओले हात पुसत राहिली. प्रज्योतला तिच्याकडे बघवेना.

"मंग पाट्या कशा नेऊ आता? पयल्यासारख्या डोक्यावर?"

त्याने वाकून दोन्ही पाट्या उचलल्या आणि आपल्या डोक्यावर घेतल्या. बर्फाचं पाणी कानामागून कॉलरीत उतरलं.

"शर्ट खराब होईल रं!"

"होऊ दे. माझं चुकलं, आई. गाडी राहू दे इथे. आपण चालत जाऊ. माझं एका मुलीशी ठरलंय, गंधाली तिचं नाव. तिच्या घरी तुला चहाला बोलावलंय. तिची आई तुला ओळखते. दर रविवारी सुरमईवरून भांडते ना, ती."

सगुणा थबकली. मागे वळून तिने आपल्या धुतलेल्या, रिकाम्या ओट्याकडे पाहिलं.

"आधी सांगितला असतास," ती म्हणाली, "तर एक सुरमई राखून ठेवली असती."