घरच्या माणसाला कसली चिठ्ठी

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना परदेशी निघालेल्यांचा. तिथे लस टोचून घ्यायची, गोळ्या घ्यायच्या आणि वर बोलणीही खायची. हिवतापाच्या गोळ्यांची चिठ्ठी बाई स्वतःच्या हाताने लिहीत आणि पेशंटकडून मोठ्याने वाचून घेत: ‘परत आल्यावरही चार आठवडे.’ कारण जंतू तेवढे दिवस अंगात दबा धरून बसतात. एका बड्या कंपनीच्या साहेबाला त्यांनी ही ओळ तीनदा वाचायला लावली होती. बाईंपुढे कुणाची डाळ शिजत नसे.

धाकटी बहीण थोडीच पेशंट होती! ती धरणाच्या कामावर दोन महिने जंगलात निघाली, तेव्हा बाईंनी जेवताजेवता गोळ्यांची पाकिटं तिच्या पिशवीत कोंबली. “रोज एक. विसरलीस तर बघ.” झालं. घरच्या माणसाला कसली चिठ्ठी?

बहीण सुखरूप परतली. बाराव्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

“ताई, अंग नुसतं फणफणलंय गं.”

बाहेर वीस माणसं ताटकळत होती. “दगदग झाली असेल. तापाची गोळी घे आणि झोप जरा,” बाई म्हणाल्या. गोळ्या चालू आहेत ना, हे त्यांनी कुणाही परक्याला आधी विचारलं असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

ताप मेंदूत गेला तेव्हा तिला हॉस्पिटलात आणलं. बाईंनी रक्ताची काच स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. हिवतापाचेच जंतू होते.

“गोळ्या तर घरी आली त्याच दिवशी बंद केल्या तिने, प्रवास संपला म्हणून,” बहिणीचा नवरा रडत म्हणाला. “मी परवाच आणणार होतो इथे. तर म्हणाली, ताईशी बोललेय, ताईपेक्षा मोठा डॉक्टर कोण आहे?”

पाचव्या दिवशी ती गेली.

भेटायला आलेल्यांना आई बाईंचा हात धरून सांगत होती, “हिने जिवाचं रान केलं हो. आपलंच नशीब फुटकं.” जावयाने फोनबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. बाई गप्प राहिल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्यांना ते कौतुक सोसवेना.

“नशीब नाही, आई. तिचा फोन आला होता मला. मी एक प्रश्न विचारला असता तर ती वाचली असती.”

“कुठला प्रश्न?”

बाईंनी सांगितला.

“एवढाच?” आई म्हणाली, आणि तिने हात सोडला.