वळशांत अडलेली खरखर

मित्रांनो, मी एक जुनी, काळी केबल आहे. जपानच्या एका लहान बेटावर, इसोगाई नावाच्या हौशी रेडिओवाल्याच्या घरी माझे आयुष्य गेले. छतावरच्या अँटेनाने पकडलेले आवाज खोलीतल्या रेडिओपर्यंत आणणे हे माझे काम.

माझ्या पोटातली तार इमानी. पण तिच्याभोवतीची जाळी फार भोळी. घरातल्या यंत्रांची खरखर तिला चिकटते, तिच्यावरून अँटेनापर्यंत चढते आणि दूरच्या आवाजांत मिसळून खाली येते. घरात यंत्रे वाढली, तशी मला बोलणी बसू लागली. "ही केबल नाही, गटार आहे!" इसोगाई म्हणत.

मग ते वादळ आले. वीज गेली, फोन गेले. सकाळी डोंगरापलीकडच्या वाडीतून त्यांचे मित्र निट्टा रेडिओवरून पुन्हा पुन्हा सांगू लागले, "दरड कोसळली... माणसं अडकलीत... होड्या पाठवा..." पुढचे सारे खरखरीत बुडाले.

बंदरातून वॉकीटॉकीवर विचारणा होत होती. "इसोगाईसान, उत्तरेच्या खाडीत जायचं की दक्षिणेच्या? समुद्र चढतोय!"

खरखर वीज गेल्यावर लावलेल्या आमच्याच जनरेटरची होती; रेडिओ तर बॅटरीवर चालत होता. इसोगाईंचा हात त्याच्या बटणाकडे गेला.

"अहो, त्याच्यावर आईंचा प्राणवायू चाललाय!" त्यांची बायको फुमिए ओरडली.

आतून म्हातारीचा धापा टाकणारा आवाज आला, "बंद कर रे. मी काढीन तेवढा वेळ."

"गप्प पड, आई!"

त्यांनी पेटी उपसून फेराइट या चुंबकी पदार्थाची दोन काळी कडी काढली. अशा कड्यात केबलचे वळसे घातले, की जाळीवरून चढणारी खरखर तिथेच अडते. एक कडे खिडकीपाशी बसले. खरखर थोडी उतरली, पण शब्द लागेनात. दुसरे वर, अँटेनापाशीच बसवायला हवे होते.

"वेड लागलंय का तुम्हाला? या वाऱ्यात?" असे म्हणत फुमिए त्यांच्यामागे छतावर गेली आणि त्यांचा पट्टा धरून पालथी पडली. वळशागणिक माझी म्हातारी कातडी तडकत होती. तुटले तर सगळेच संपले, या धास्तीने मी जीव मुठीत धरून होते.

ते खाली आले. रेडिओ लावला. खरखर आता कुजबुजीएवढीच उरली होती. तिच्यातून निट्टांचा आवाज वर आला, "...दक्षिणेचा रस्ता गाडला गेलाय. उत्तरेला या, उत्तरेला!"

होड्या सुटल्या. दुपारी बंदरातून निरोप आला, सगळी माणसे मिळाली. फुमिएने तो आईंच्या कानात सांगितला. त्या नुसत्या हसल्या; यंत्र चालूच होते.

मित्रांनो, नीट ऐकू येत नाही म्हणून कुणाला घाईने बंद करू नका. खरखर कुठून चढते आहे, ते आधी शोधा.