दोरे उपसलेलं नूलगम

कुंभकोणमजवळच्या एका गावातलं वाचनालय मी एकोणीस वर्षं सांभाळलं. तमिळमध्ये नूल म्हणजे दोरा, आणि पुस्तकही नूलच. ताडपत्रांना भोक पाडून दोरा ओवला की पुस्तक झालं. त्यावरून वाचनालय ते नूलगम. हे मला शिकवलं वेलायुदम अय्यांनी. आमच्याकडच्या अकरा ताडपत्री पोथ्या वाचता येणारे तेवढे एकटेच उरले होते. "संस्कृतातला ग्रंथ तरी काय गं, कोदै? गाठ मारून बांधलेलाच की," म्हणायचे.

वाचनालयाच्या सुवर्णमहोत्सवाआधी मी भाचीच्या लग्नाला चार दिवस गेले. महोत्सवाच्या सकाळी परतले तर दारातच वार्निशचा भपकारा आला. पोथ्यांची पानं नव्या काचेच्या पेटीत पंख्यासारखी पसरलेली, चकचकीत.

"यांचे दोरे कुठायत?"

"ते होय!" वाचनालय समितीचे अध्यक्ष तणिकाचलम हसले. सगळे त्यांना सार, म्हणजे सर, म्हणत. "शी! कळकट, तेलकट. झुरळांच्या लेंड्या चिकटलेल्या. उपसून फेकले, अम्मा. सगळी पानं एकत्र पुसून घेतली."

"एकत्र?"

"एकसारखीच तर दिसतात."

निम्म्या पानांवर आकडे नव्हते. त्यांचा क्रम त्या दोऱ्यानंच धरला होता.

दुपारी हेच सार माईकवर गरजले, "नूल म्हणजे दोरा! हा दोरा समाजाला बांधतो!" टाळ्या पडल्या. तोंडातली सुंडलची उसळ मला गिळवेना. भिंतीमागे जाऊन थुंकले.

आभाराला माझं नाव पुकारलं. मी म्हणाले, "इथं अकरा पुस्तकं होती. यांनी दोरे काढले, आता एकही नाही. मी कसले आभार मानू?"

खाली उतरताच सार कानाशी आले. "चार वाळकी पानं, अम्मा. वाचत होतं का कुणी?"

पहिल्याच रांगेत अय्या बसले होते. सारांनी तिकडे पाहिलंही नाही. सारांच्या शेजारी उभं राहण्याचीही मला शिसारी आली.

महिन्याभरात माझी बदली झाली. तोवर रोज दुपारी अय्या आणि मी पानं लावत बसलो. वार्निशनं चिकटलेली पानं सोडवताना अक्षरांसकट पापुद्रे निघत. तीन पोथ्या जुळल्या. चौथीच्या सतराव्या पानाशी अय्या उठले, साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले.

"पुरे, कोदै. आता या पानांना शिवायचीसुद्धा किळस येते."

ते परत आले नाहीत. उरलेला ढीग मी पेटीत बंद केला आणि किल्ली सारांच्या टेबलावर टाकून निघाले.