वरवंटा माहेरी आला

मी एक जुना वरवंटा आहे आणि सध्या सहलीला आलो आहे. हसू नका, मित्रांनो! सहल काय फक्त हातपाय असलेल्यांनीच करायची? आत्ता मी महाबलीपुरमच्या एका पाथरवटाच्या दुकानाबाहेर बाकावर बसलो आहे. शेजारी आठ वर्षांची सलोनी मला घट्ट धरून बसली आहे आणि समोर, नारळाच्या झाडांपलीकडे, समुद्र आहे. माझा जन्म याच गावचा. पंधरा वर्षांनी माहेरपणाला आलोय म्हणा ना.

पण खरं सांगू? पोटात गोळा आला आहे. दगडाला कुठलं पोट, असं विचारू नका. मी सगळा पोटच आहे. त्याचं कारण असं. उन्हाळ्यात सलोनीच्या आईबाबांनी तिला जवळ घेऊन सांगितलं, की बाळा, तू सात महिन्यांची असताना आम्ही तुला एका संस्थेतून आपल्या घरी आणलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि स्वयंपाकघरात आली. आजी, म्हणजे तानूबाई, माझ्याखाली शेंगदाण्याची चटणी वाटत होत्या.

"आजी, हा वरवंटापण बाहेरून आणलाय ना?"

"हो गं. महाबलीपुरमहून."

"मग आणलेलं परत द्यावं लागतं का?"

आजींचा हात थांबला. "कोण म्हणतं असं?" त्यांनी विचारलं, पण सलोनी तोवर पळालीसुद्धा. तेव्हापासून तिने एकच धोशा लावला. वरवंट्याचं गाव बघायचं, आणि वरवंट्याला बरोबर घेऊनच बघायचं. पण तिच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं, कारण माझ्याही मनात तेच चाललं होतं.

असो. उत्तर मिळेपर्यंत माझी हकीकत ऐका.

इथला दगड म्हणजे मोठ्या घराण्यातला बरं का! आमच्याच खडकांतून जुन्या राजांच्या कारागिरांनी रथ कोरले, हत्ती कोरले, समुद्राकाठचं देऊळ उभारलं. लांबलांबून माणसं येतात आणि माझ्या भाऊबंदांचे फोटो काढतात. आमचे एक काका तर टेकडीच्या उतारावर ‘लोण्याचा गोळा’ असं नाव कमावून कित्येक शतकं बसलेत. पडत नाहीत नि उठतही नाहीत. मी मात्र नरसिंहन नावाच्या पाथरवटाच्या हाती लागलो. शेजारच्या दगडाचा गणपती झाला, त्याच्या पलीकडच्याची नर्तकी झाली. माझी पाळी आली तेव्हा नरसिंहनने मला खालून वरून पाहिलं, छिन्नी चालवली, आणि झालो मी वरवंटा. ना नाक, ना डोळे! मी इतका हिरमुसलो, काय सांगू! गिऱ्हाइकं गणपतीसमोर हात जोडायची आणि मला उचलून "बाप रे!" म्हणून खाली ठेवायची.

अशात एका डिसेंबरात दिल्लीहून एक मराठी कुटुंब आलं. विश्वासराव केंद्र सरकारच्या कचेरीत नोकरीला, राहायला सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये. चार वर्षांतून एकदा भारतात कुठेही फिरून यायचा खर्च सरकार देतं, त्याला ही माणसं एलटीसी म्हणतात. एलटीसी वाया घालवणं म्हणजे त्यांच्या लेखी महापाप. बरोबर बायको पद्मजाबाई आणि सातारच्या आई तानूबाई. विश्वासरावांनी दोघींना सकाळपासून नुसतं पळवलं होतं. "चलो, चलो! अजून गुंफा राहिल्यात!"

तानूबाई आमच्या दुकानाच्या पायरीवर बसकण मारून म्हणाल्या, "अरे, हजार वर्षं उभं आहे ना ते? मग अर्धा तास थांबेल की!"

म्हणून मंडळी आमच्याकडे थांबली. तानूबाईंकडे सातारहून आणलेला काळा पाटा होता, पण क्वार्टर बदलताना त्याचा वरवंटा कुठेतरी गहाळ झाला होता. पद्मजाबाईंनी मला पाहिलं, वाकून दोन्ही हातांनी उचललं आणि छातीशी धरलं. "बाप रे" म्हणाल्या नाहीत.

"अगं, बाळासारखा काय धरतेस त्याला!" तानूबाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. विश्वासराव उगाच समुद्राकडे बघू लागले. पद्मजाबाईंनी मला खाली ठेवलं नाही. "हाच घेऊ," एवढंच म्हणाल्या. शेजारी गणपती असताना मला निवडलं! मी त्याच्याकडे जरा ऐटीतच पाहिलं, खोटं कशाला बोलू?

परतीच्या गाडीत मला टॉवेलात गुंडाळून सीटवर ठेवलं होतं. समोरच्या म्हाताऱ्या बाईंना वाटलं, दक्षिणेतून देव आणलाय. त्यांनी माझ्यावर शेवंतीचं फूल वाहिलं आणि डोळे मिटून नमस्कार केला. विश्वासराव लाजेने लाल! तानूबाईंनी मात्र शांतपणे सांगून टाकलं, "माताजी, भगवान नही, चटनी का पत्थर है." त्या बाई क्षणभर गोंधळल्या, मग म्हणाल्या, "तो क्या हुआ, अन्न भी तो भगवान है." ते फूल मी नागपूरपर्यंत मिरवलं.

सरोजिनी नगरात मात्र माझी रवानगी थेट त्या सातारच्या पाट्यावर झाली. काय त्याचा तोरा! तो काळा कातळ, मी करडा, समुद्राकाठचा. आमचं काही केल्या जुळेना. मी इकडे ओढायचो, तो तिकडे अडायचा. नुसतं खर्र खर्र. तानूबाईंनी आधी मूठ मूठ तांदूळ वाटून माझी कच काढली, तरी पहिल्याच चटणीत विश्वासरावांच्या दाताखाली खडा आला. "बाहेरचं ते बाहेरचंच," तानूबाई फणकारल्या. ते शब्द मला फार लागले. पण पद्मजाबाई रोज उठून वाटत राहिल्या. हळूहळू माझा खडबडीतपणा झिजला, पाट्याची आढ्यताही झिजली, आणि एके दिवशी पुरण वाटताना लक्षात आलं, की आमचा आवाजच बदललाय. मग काय विचारता! लसणाची चटणी, कैरीची चटणी, होळीचं पुरण. शेजारच्या पंजाबी मंडळींकडून पुदिना यायचा आणि चटणी होऊन परत जायचा. "मिक्सी में ये बात कहाँ!" हे वाक्य ऐकलं, की मी फुगायचो.

पण मित्रांनो, फुगलेल्याची हवा निघायला वेळ लागत नाही. देशात नवं वारं आलं. घराघरावर केबलच्या तारा आल्या, दुकानं नव्या नव्या यंत्रांनी भरली. विश्वासरावांना कर्मचाऱ्यांच्या सोसायटीच्या सोडतीत नोएडाला चौथ्या मजल्यावर फ्लॅट लागला. चहूकडे वाळूचे ढीग आणि अर्धवट इमारती, पण घर स्वतःचं! स्वयंपाकघरात चकचकीत ग्रॅनाइटचा ओटा बसवला. तोही दगडच, माझ्याच जातकुळीतला, पण पॉलिश करून घेतल्यावर ओळख दाखवील तर शपथ. त्यावर तीन भांड्यांचा मिक्सर आला. तो एकदा घुर्र करायचा आणि काम फत्ते. खालच्या मजल्यावरच्या बाईंनीही तक्रार केली, "भाभीजी, ऊपर से रोज धडधड होती है." झालं! पाटा भिंतीशी उभा राहिला आणि मी बाल्कनीच्या दाराला टेकण म्हणून लागलो. नोएडाच्या वाऱ्यात दार आपटू नये, एवढंच माझं काम. अंगावर सिमेंटची धूळ बसायची. येणारा जाणारा पायाने सरकवायचा. मला रडू यायचं. दगडाला रडू येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी दाराला टेकून राहून बघावं.

त्याच घरात एका दुपारी सलोनी आली. इवलीशी, टकामका बघणारी, गालाला खळी. पद्मजाबाईंनी ठरवून टाकलं, हिचं बारसं करायचं, अगदी साग्रसंगीत.

तानूबाई खाली मान घालून म्हणाल्या, "सात महिन्यांच्या पोरीचं कसलं बारसं? बारसं बाराव्या दिवशी असतं."

"रविवारी तिला आपल्या घरी येऊन बारा दिवस होतील, आई," पद्मजाबाई म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण तसूभर हलायची तयारी नव्हती. तानूबाई उठून आपल्या खोलीत गेल्या. त्यांना ही पोर आपली वाटते का, हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. कदाचित त्यांनाही नसावं.

आता बारशाची एक रीत आहे. बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात. त्याला झबलं-टोपडं चढवून बायका पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हाती देतात, मग त्याला पाळण्यात निजवतात आणि त्यानंतर बाळाला. बाळ दगडासारखं खणखणीत व्हावं, म्हणून. रविवारी बायका जमल्या, पाळणा सजला आणि पद्मजाबाई मला घ्यायला बाल्कनीत आल्या. बघतात तो मी गायब! दार धाडधाड आपटतंय.

"अहो! वरवंटा भंगारवाल्याला दिलात की काय?"

"मी? बिल्कुल नाही!" विश्वासरावांना घाम फुटला.

मी कुठे होतो सांगू? तानूबाईंच्या मांडीवर. सकाळीच त्यांनी मला न्हाणीघरात नेऊन घासघासून धुतलं होतं, खोबरेल चोपडलं होतं. आपल्या जुन्या खणाच्या चोळीचं टोपडं त्यांनी आदल्या दुपारीच शिवून ठेवलं होतं. ते मला घालता घालता त्या पुटपुटल्या, "तुला बाहेरचा म्हटलं होतं मी. आता पाट्याला दुसरा वरवंटा चालेल का, विचार बरं त्याला! पोरीला मात्र तसं एकदाही नाही म्हणायची."

मग मला कडेवर घेऊन त्या भरल्या घरात आल्या. पद्मजाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मला पाळण्यात निजवलं, माझ्याशेजारी सलोनीला. तिने पहिलं काम काय केलं असेल? माझं टोपडं ओढून तोंडात घातलं! विश्वासरावांना बहीण नव्हती, त्यामुळे बाळाच्या कानात नाव कोण सांगणार, अशी कुजबुज सुरू झाली. "आत्या नाही तर नाही. आजी मेली नाही अजून!" असं म्हणून तानूबाई वाकल्या आणि त्यांनीच कानात कुर्रर्र केलं.

त्या दिवसापासून मी दाराशी परत गेलो नाही. खालच्या बाईंना चटणी पोचू लागली तशी तक्रारही बंद झाली. आणि पाळण्यात आधी मी गेलो होतो ना, म्हणून सलोनी मला दादा म्हणते. परवा स्टेशनवर पोलिसाने बॅग उघडायला लावली. "बेटा, ये क्या है?" तर ही म्हणते, "मेरा बडा भाई है. इसका गाँव देखने जा रहे हैं." पोलीस मला उचलायला गेला आणि म्हणाला, "भाईसाहब खाते-पीते घर के हैं!"

तर अशी ही आमची स्वारी इथे आली. आणि बघा, इतक्यात दुकानदार बाहेर आलाच. हा नरसिंहन नव्हे, कुणी तरुण आहे. त्याने मला पाहिलं आणि एक नवा, गुळगुळीत वरवंटा आणून माझ्याशेजारी ठेवला. "अम्मा, ओल्ड स्टोन. एक्सचेंज! ओल्ड गिव, न्यू टेक!"

एक्सचेंज म्हटलं की विश्वासरावांचे कान टवकारतात. टीव्ही बदलला, फ्रिज बदलला. "अच्छा? कितने में...?" त्यांनी तोंड उघडलंच होतं, पण पद्मजाबाईंनी त्यांची बाही ओढली. त्यांचं लक्ष सलोनीकडे होतं. तिची बोटं माझ्याभोवती इतकी आवळली, की तिची नखं पांढरी पडली. ती आजीकडे बघत होती. मीही आजीकडेच बघत होतो.

तानूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. ऐंशीच्या घरात आहेत, पण आवाज अजून ठणठणीत.

"हे बघ बाबा," त्या दुकानदाराला चक्क मराठीत म्हणाल्या, "एकदा पाळण्यात घातलं ना, की परत द्यायचं नसतं. आमच्याकडे तशी पद्धतच नाही."

दुकानदाराला अक्षर कळलं नाही. तो नुसता हसला. पण ते त्याला सांगितलेलंच नव्हतं.

"कधीच नाही?" सलोनीने हळूच विचारलं.

"कधीच नाही. चटणीत खडा आला तरी नाही!"

सलोनीला खुदकन हसू फुटलं. तिची बोटं सैल झाली. तिने मला उचलून बाकावर बसलेल्या विश्वासरावांच्या मांडीवर धप्पकन ठेवलं. विश्वासराव कळवळले! "बाबा, दादाला धरा जरा!" म्हणत ती चपला भिरकावून लाटांकडे धावत सुटली. इतके दिवस ती मला सोडायला तयार नव्हती. आज सोडलं, आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी लांबून आणलेलं असेल. कुठल्या दाराला टेकून धूळ खात असेल. त्याच्याकडे जरा बघा, हातात घ्या, धुऊन पुसून ठेवा. आणि ते ऐकत असताना त्याला बाहेरचं म्हणू नका. दगडालासुद्धा लागतं.

माहेर झकास आहे हो! वारा आहे, समुद्र आहे, लोण्याचे काकाही अजून पडलेले नाहीत. पण पाटा तिकडे एकटा आहे आणि सलोनीला पुढच्या आठवड्यात शाळा आहे. उद्याच्या गाडीने आम्ही घरी जाणार. घरी म्हणजे नोएडाला.