राखीव दोन पिशव्या

रक्तपेढीतल्या ताईंना इस्पितळात सगळे पाठीमागे 'मिरची' म्हणत. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाची भीडभाड ठेवली नव्हती. दोन दिवसांच्या रजेनंतर त्या कामावर आल्या आणि दुपारी बारालाच प्रसूती विभागातून फोन आला.

"ताई, बाळंतीण आहे, रक्तस्राव थांबत नाहीये," डॉक्टरीण धापा टाकत बोलत होती. "ओ निगेटिव्ह. असतील तेवढ्या पिशव्या द्या. रक्त जुळवून बघायला वेळ नाही, मी सही करून नमुना पाठवतेय."

ताईंनी फ्रीज उघडला. ओ निगेटिव्हच्या दोनच पिशव्या होत्या आणि दोन्हींवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: 'राखीव. अधीक्षकांना विचारल्याशिवाय हात लावू नये.'

"हे काय?"

मदतनीस चाचरला. "साहेबांच्या सासऱ्यांसाठी ठेवल्यात. परवा त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन आहे."

"परवा! आणि तू दोन दिवस या चिठ्ठ्यांकडे बघत बसलास?"

"मी काय बोलणार ताई? लहान तोंडी मोठा घास."

तेवढ्यात बाळंतिणीची नणंद नमुन्याची नळी आणि अर्ज घेऊन धावत आली. तिच्या ओढणीवर रक्ताचे डाग होते. "वहिनीचे ओठ पांढरे पडलेत हो," एवढंच ती बोलू शकली. ताईंचं डोकं तापलं होतं, तरी नळीवरचं नाव आणि अर्जावरचं नाव त्यांनी दोनदा वाचलं. नंबर ताडून घेतला, खालची सही पाहिली. मग चिठ्ठ्या टराटरा फाडल्या.

मदतनिसाने तोवर वर फोन केलाच होता. अधीक्षक दारात उभे राहिले.

"बाई, त्या पिशव्या ठेवा जागेवर. शहरात दुसरीकडे चौकशी करा."

"करतेच आहे. तिथून यायला तास लागेल. तिच्याकडे तास नाही."

"मग पॉझिटिव्ह द्या. अडचणीत चालतं, नियमातही आहे."

ताई गर्रकन वळल्या. "नियम सगळाच वाचा ना, सर! ही चोविशीची पोर आहे. आज पॉझिटिव्ह चढवलं तर हिचं शरीर त्याच्याशी लढायची तयारी करून बसेल, आणि पुढचं बाळ पॉझिटिव्ह निघालं तर त्याच्या जिवावर उठेल. पिशवी शिल्लक नसती तर तेही दिलं असतं, आधी जीव वाचवला असता. पण पिशव्या आहेत. तुमच्या सासऱ्यांचं ऑपरेशन चार दिवस पुढे ढकलता येतं. हिचं मरण ढकलता येतं का?"

"तुम्ही कुणाशी बोलताय, भान आहे का?"

"आहे. म्हणूनच अजून 'सर' म्हणतेय."

नणंद भिंतीला टेकून दोघांकडे बघत होती. ताईंनी पिशव्या थंड पेटीत घातल्या, वहीत वेळ लिहिली आणि पेटी मदतनिसाच्या हातात कोंबली. "पळ! जिन्याने जा, लिफ्टची वाट बघू नकोस."

अधीक्षक बाजूला झाले नसते तर तो त्यांच्या अंगावरूनच गेला असता. ते बाजूला झाले.

ताई लगेच जुळवणीला बसल्या. हात सरावाने चालत होते, पण जबडा आवळलेलाच होता. जुळणी ठीक निघाली. तिसरी पिशवी दुसऱ्या रक्तपेढीतून मोटारसायकलवर आली. चारच्या सुमारास डॉक्टरणीचा फोन आला. रक्तस्राव थांबला होता, गर्भाशय काढावं लागलं नव्हतं. ताईंनी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि मोरीत जाऊन तोंडावर पाण्याचे हबके मारले.

दुसऱ्या दिवशी वरिष्ठांचा आदेश मोडल्याची नोटीस हातात पडली. ताईंनी एका ओळीत उत्तर लिहिलं: 'पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन.'

बातमी वॉर्डांतून फिरत फिरत सासरेबुवांच्या खोलीपर्यंत गेली. म्हातारे चाकाच्या खुर्चीत बसून थेट रक्तपेढीत आले. मागून अधीक्षक खुर्ची ढकलत होते.

"पोरी, माझ्या नावाने रक्त अडवलं होतं हे खरं का?"

"खरं."

म्हाताऱ्यांनी मान वळवली. "जावईबापू, मला विचारलंत? माझ्यामुळे कुणाची लेक गेली असती, तर मी त्या नव्या खुब्यावर कुठे चालत जाणार होतो?"

अधीक्षकांनी घसा खाकरला. "तुमच्या काळजीपोटीच…"

"काळजी होती तर स्वतःचा दंड पुढे करायचा. तुमचा गटही हाच आहे, लग्नाच्या वेळी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतंत."

मदतनीस खोकल्याच्या निमित्ताने तोंड लपवून हसला. ताई हसल्या नाहीत. त्यांनी पलंगावर स्वच्छ चादर अंथरली. "या सर, आडवे व्हा. सकाळी नीट खाल्लंय ना?"

अधीक्षकांनी मुकाट्याने बाही वर केली. ऑपरेशन आठ दिवसांनी झालं. नोटीस मात्र मागे घेतली गेली नाही, ताईंच्या फाइलीत तशीच राहिली. ताईंनीही ती मागे घ्या म्हणून कधी कुणाच्या विनवण्या केल्या नाहीत. आजही तो विषय निघाला की त्या म्हणतात, "साहेबांचं सोडा. चिठ्ठ्या दोन दिवस चिकटलेल्या होत्या. येताजाता सगळ्यांनी वाचल्या. एकाचाही हात कसा शिवशिवला नाही?"