विहिणीसाठी वेगळी चूल

"सणाला मेंढा कापायचा नाही, तर काय भोपळा कापू?"

म्हातारा अंगणातूनच ओरडला. हातात दोरी, दोरीच्या टोकाला माजलेला काळा मेंढा. दारात थोरली सून उभी होती, हात पिठानं भरलेले. ती जागची हलली नाही.

"कापा की. पण घरात आणू नका, मामंजी. मेंढवाड्यावर कापा, तिथंच शिजवा, तिथंच खा. उद्या घरात मांसाचा वाससुद्धा नको."

"घर कुणाचं?"

"तुमचं."

"मग माझ्या घरात मी काय खायचं ते ती गिरणीवाली ठरवणार होय गं?"

थोरलीनं पिठाचे हात झटकले. तिला थोरली म्हणत, पण घरात धाकटी अशी नव्हतीच; धाकट्या दिराचं लग्न अजून व्हायचं होतं. सगळ्या घराचं रांधणं, उष्टी काढणं, मेंढरांच्या पिल्लांना बाटलीनं दूध पाजणं तिच्याच गळ्यात. त्यात उद्या सणाच्या सुट्टीला नणंदेच्या सासरची माणसं जेवायला येणार होती, आणि ती माणसं मांसमच्छीला शिवत नव्हती.

नणंद म्हणजे चिमी. तिच्या लग्नाच्या जेवणात घोटाळा झाला होता. वाढणाऱ्या कुणीतरी मटणाच्या रश्श्यातला डाव तसाच पाहुण्यांच्या डाळीत घातला. ते चिमीच्या सासूनं पाहिलं. ही बाई गिरणी चालवायची. नवरा मेल्यापासून एकटीनं चालवायची आणि पट्ट्याच्या आवाजावर आवाज काढून काढून तिचा गळा असा झालेला, की ती हळू बोलली तरी भांडल्यासारखं वाटे. ती भरल्या ताटावरून उठली, आणि तिच्यामागं तिचं सगळं गणगोत उठलं. चिमीची आई चार लोकांत हात जोडून उभी राहिली, तर गिरणीवाली म्हणाली, "आम्हाला जेवायला बोलावलं होतं की बाटवायला?"

तेव्हापासून चिमी माहेरी आली नव्हती. बाळ झालं, तेही इकडच्यांनी फोनवर पाहिलं. आणि आता गिरणीवालीचा निरोप आला होता : सणाला येते. जेवण नीट झालं तर सुनेला आणि नातवाला महिनाभर ठेवून जाईन. नाही झालं, तर पुन्हा नाव काढू नका.

"म्हंजे आमची परीक्षा घ्यायला येतेय," थोरलीची सासू, म्हणजे चिमीची आई, म्हणाली होती. त्या दिवसापासून तिचं तोंड कडू झालेलं.

"काय करायचं ते करा," म्हातारा शेवटी पुटपुटला आणि मेंढा ओढत मेंढवाड्याकडं गेला. थोरलीनं सुटकेचा निःश्वास टाकला. एक लढाई झाली होती.

दुसरी नवऱ्याशी झाली. तिनं परसात तीन दगड मांडून वेगळी चूल केली, तेव्हा तो म्हणाला, "बाजारातून नवी पातेली कशाला आणलीस? घरची काय कुत्र्यांनी चाटलीत?"

"घरच्या पातेल्यात तुम्ही काय काय खाल्लंय ते मला घासताना कळतं."

"जास्त बोलायला लागलीस."

"तुमची बहीण आहे. माझी नव्हे. मी तरी कुणासाठी मरतेय?"

तो तरातरा निघून गेला. घरात त्या दिवशी कुणी कुणाशी सरळ बोलत नव्हतं. भांडी आपटत होती, दारं आपटत होती. बाहेर कोरडा गार वारा सुटलेला, काळ्या मातीची भुकटी उडून दातांत करकरत होती. थोरली त्या वाऱ्यात वांगी तोडून आणत होती, शेंगा सोलत होती आणि मनात जुळवत होती : भोपळा आणि वांग्यांचा दाट रस्सा. वेगळी डाळ. भात. परतलेल्या शेंगा. बाळंतिणीला तिखट नको, म्हणून तिच्यापुरती भाजी आधी काढून ठेवायची. गिरणीवालीला दात कमी, म्हणून भोपळा मऊ. पोटभर झालं पाहिजे. ही माणसं उपाशी उठता कामा नयेत, आणि त्यांच्यासाठी काहीतरी उरकून टाकलं असंही त्यांना वाटता कामा नये.

संध्याकाळी मेंढवाड्यावरून मांस शिजल्याचा वास आला. बापलेक तिथंच जेवले. सासूही गेली आणि येताना पदराखाली काहीतरी झाकून घेऊन आली. थोरलीला वाटलं, म्हातारी सकाळसाठी आपल्यापुरतं घेऊन आली असेल. तिनं विचारलं नाही. विचारायला तोंड उघडलं की भांडण निघत होतं.

सणाच्या सकाळी थंडीनं हात वाकडे होत होते. थोरलीनं परसातली चूल पेटवली, डाळभात शिजवून ठेवला, रस्सा चढवला. दिवस चांगला वर आला तसं सासू स्वतःहून बाहेर आली.

"जा, पाणी घेऊन ये. जाळ मी बघते."

थोरलीला नवल वाटलं. कालपासून म्हातारीनं या चुलीकडं पाहिलं नव्हतं. 'गवत शिजवणार' म्हणत होती. पण पाणी तर हवंच होतं. ती घागर घेऊन विहिरीवर गेली. परतली तेव्हा अंगणात जीप उभी होती.

गिरणीवाली खाली उतरली ती आधी घरात शिरली. ना रामराम, ना काही. स्वयंपाकघरात जाऊन तिनं फळीवरची भांडी पाहिली, एक पातेलं उचलून नाकाशी धरलं.

"हे कशाचं?"

"ते आमचं," सासू म्हणाली. "तुमचं परसात आहे. तुमच्यासाठी वेगळी चूल मांडलीय. आमच्या चुलीवर तुमचा धर्म बुडतो ना!"

"माझा काही बुडत नाही हो विहीणबाई. मी पोहणारी आहे. तुमचा शब्द बुडतो, ते बघायला आलेय."

चिमी बाळाला छातीशी धरून मध्ये उभी. तिनं थोरलीकडं पाहिलं आणि डोळ्यांनीच विनवलं. जावई जीपच्या किल्लीशी चाळा करत दारातच थांबला होता, केव्हाही निघायच्या तयारीत.

थोरली परसात आली. मीठ बघावं म्हणून तिनं झाकण काढलं. वाफ सरली, आणि तिचा हात तसाच राहिला.

रश्श्यावर चरबीचे गोल गोल टिकल्यांसारखे तवंग फिरत होते. भोपळ्याला असे तवंग येत नाहीत. तिनं डाव घालून तळ हलवला. डावात हाड आलं. नळीचं, मगजानं भरलेलं.

मागं सासू उभी होती.

"आई, हे काय केलंत?"

"झाक ते."

"काय केलंत हे?"

"हळू बोल. खाऊ दे तिला. बोटं चाटून खाऊ दे. दोनदा मागून घेऊ दे. मग चार लोकांत सांगते तिला, काय खाल्लंस ते. मी हात जोडून उभी होते ना त्या दिवशी? आता ती जोडेल."

"आणि चिमी?"

"चिमीला टाकलं तर टाकलं. पोरगी माझी आहे. राहील इथं, माझ्यापाशी."

थोरलीनं सासूच्या तोंडाकडं पाहिलं. त्या तोंडावर राग होता, पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. लेकीवाचून वाळून गेलेली ती बाई. थोरलीला क्षणभर तिची कीव आली. पण घरातून गिरणीवालीचा आवाज आला, "वाढा आता, माझा लेक भुकेलाय," आणि विचार करायला वेळ उरला नाही. हे पातेलं आत गेलं तर चिमीचा संसार मोडणार. पातेल्यात काय आहे हे सांगितलं, तरी मोडणार.

तिनं पाय उचलला आणि पातेल्याला लाथ मारली.

धडाधड आवाज झाला. पातेलं गडगडत भिंतीपर्यंत गेलं, रस्सा सगळ्या परसात पसरला, विस्तवावर पडून फुसफुसला. थोरलीचं पाऊल भाजलं. ती मटकन खाली बसली.

"पांगळी!" सासू किंचाळली. "सणाचं अन्न मातीत घातलंस! दळभद्री कुठली!"

सगळे धावत आले. नवऱ्यानं सांडलेलं पाहिलं आणि त्याचं डोकंच फिरलं. "आठवडाभर नुसतं वेगळी चूल, वेगळी चूल, आणि आज हे? पाहुण्यांपुढं नाक कापलंस?" त्याचा हात वर गेला.

तेवढ्यात मेंढवाड्यावरचं कुत्रं आलं. ते सांडलेल्या रश्श्यात तोंड घालून लपालप चाटू लागलं. वांग्याच्या फोडी बाजूला सारून त्यानं काहीतरी पकडलं, पंजाखाली दाबलं आणि कडाकडा फोडू लागलं.

गिरणीवाली बघत होती.

"तुमच्याकडच्या भोपळ्यात हाडं असतात वाटतं," ती म्हणाली. एकदाच ती हळू बोलली, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

नवऱ्याचा हात खाली आला. म्हातारा कुत्र्याकडं पाहत राहिला, मग बायकोकडं. त्याच्या मानेच्या शिरा ताठल्या. मांस खाणारा माणूस होता तो, पण पाहुण्याच्या ताटात चोरून काही घालणारा नव्हता. "कुणी केलं हे?" त्यानं विचारलं. 

गिरणीवाली थोरलीपुढं येऊन उभी राहिली. "पोरी, कुणी टाकलं?"

"ते मला विचारू नका, मावशी. मी सांडलं. मी एवढंच केलं."

"आई!" चिमी रडायला लागली. हे आपल्या आईनंच केलं, ते तिला कळलं होतं. जावयानं तिचा दंड धरला, बाळाची पिशवी उचलली आणि तो जीपकडं चालू लागला. इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. सासू भिंतीला टेकली. तिला हवं होतं ते होत होतं, आणि ते होताना तिची नजर बाळावरून हलत नव्हती.

"गाडी बंद कर रे!" गिरणीवाली ओरडली. तो आवाज पार शेतापर्यंत गेला असेल. इंजिन थांबलं.

मग ती सासूकडं वळली. "मी उपाशी परत गेले तर तुम्हाला बरं वाटेल. म्हणून मी जेवूनच जाणार. तुमच्या हातचं नव्हे. बटाटे आहेत का गं घरात?"

थोरली लंगडत उठली. कोठीतून बटाटे काढले, कणसं आणली. डाळभाताकडं गिरणीवालीनं पाहिलंसुद्धा नाही. तिनं पदर खोचला, चुलीतली भिजकी राख बाजूला सारली, नवा जाळ केला आणि मांडी घालून बसली. स्वतःच्या हातानं बटाटे विस्तवात पुरले. कुणी मदतीला आलं की ती डोळे वटारी. फक्त थोरलीला जवळ बसू दिलं. मध्येच तिच्या पावलाकडं पाहून म्हणाली, "बटाट्याचं साल लाव त्याच्यावर. आग कमी होते."

भाजलेले बटाटे, भाजलेली कणसं, मीठ. सणाचं जेवण एवढंच. सगळे परसात बसले, वाऱ्याकडं पाठ करून. म्हाताऱ्यानंही बटाटा सोलला आणि मान वर न करता खाल्ला. सासू आतल्या खोलीत बसून राहिली. तिला कुणी बोलावलं नाही.

उन्हं कलली तशी गिरणीवाली जीपमध्ये चढली. चिमीची पिशवी तिनं स्वतः खाली ठेवली.

"महिनाभर ठेवते. तुमच्या भरवशावर नव्हे," ती म्हाताऱ्याला म्हणाली आणि थोरलीकडं बोट केलं. "हिच्या. माझ्या सुनेच्या ताटात काही कमीजास्त झालं, तर मी हिला विचारीन. आणि हो, कुणी हिच्यावर हात उचलला तर त्याचंही विचारीन."

नवऱ्यानं तोंड फिरवलं. जीप गेली. धूळ बराच वेळ अंगणात लोंबत राहिली.

दिवेलागणीला सासू बाहेर आली. चिमीनं न बोलता बाळ तिच्या मांडीवर ठेवलं आणि आत गेली. म्हातारीनं नातवाला छातीशी धरलं, त्याच्या टाळूला नाक लावून बसून राहिली. थोरली शेजारी भांडी घासत होती.

"लाथ मुद्दाम मारलीस," सासू म्हणाली.

"हो."

"पुन्हा मारलीस तर पाय मोडीन तुझा."

"पुन्हा हाडं टाकलीत तर पुन्हा मारीन."

 बाळ रडायला लागलं तसं सासूनं त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, थोपटलं. थोरलीनं भांडी उपडी घातली आणि उठून घरात निघाली, तेव्हा मागून आवाज आला, तसाच रागाचा, तसाच करकरीत :

"चिमीची भाजी उद्या मी करते म्हणाले तर खाईल का ती?"

थोरली दारात थांबली.

"माझ्या डोळ्यांदेखत कराल तर खाईल," ती म्हणाली, आणि आत गेली.